मनाचे रहाटगाडगे



'मन चिंती ते वैरी न चिंती' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. घरातले कोणी यावयास उशीर झाला, की वडीलधारी मंडळी ती हटकून उच्चारतात. आणि उच्चारून झाल्यावरही दाराकडे पाहावयाचे काही सोडीत नाहीत. म्हण खरी आहे, परंतु तिच्यात निदान आहे, उपाय नाही. वैऱ्याला आपल्याविषयी वाईट चिंतावयास निदान सवड काढावी लागते. मनाला तिची गरज नसते. ते आपल्याबरोबर जेवते, आपल्याबरोबर प्रवास करते, आणि रात्री दिवा मालवला म्हणजे त्याचा खरा दिवस उजाडतो. आज मला बोलावयाचे आहे ते मनाच्या एका विशिष्ट खोडीविषयी. एकच प्रश्न, एकच भीती, एकच आठवण पुनःपुन्हा वर येते. तिचे समाधान करून तिला खाली पाठवावे, तो ती दुसऱ्या बाजूने पुन्हा वर येते. विहीर आटली तरी रहाट फिरतच राहावा, आणि प्रत्येक गाडगे रिकामेच वर यावे, तशी ही अवस्था असते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. विचार करणे निराळे आणि विचार घोळत बसणे निराळे. मुलाला कोणत्या महाविद्यालयात घालावे, घराचे कर्ज कसे फेडावे, डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया आता करावी की दोन महिन्यांनी, हे प्रश्न कठीण असतात, कधी कधी झोपही उडवितात. परंतु त्यांच्या विचाराला दिशा असते. अर्ध्या तासाने आपण निदान एवढे तरी ठरवितो, की उद्या अमक्याला विचारावे, तमका कागद काढून पाहावा. घोळण्याला अशी दिशा नसते. तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारावा : गेल्या पाव तासात मला एखादी नवी गोष्ट कळली काय, किंवा उद्या करावयाचे एखादे काम सापडले काय? दोन्हींचे उत्तर 'नाही' असे येत असेल, तर आपण विचार करीत नसून रहाट ओढीत आहो, असे खुशाल समजावे.

ही खोडी कशी वाढते हे पाहण्यासाठी एक साधा प्रसंग कल्पू या. एक गृहिणी सकाळी दादरला पुण्याच्या गाडीत बसली. ठाणे मागे पडते न पडते तोच तिच्या मनात आले, 'गॅस बंद केला ना?' केला असेल, असे म्हणून ती खिडकीबाहेर पाहू लागली. कल्याण येईपर्यंत तिने सकाळचा सारा क्रम तीनदा आठवून पाहिला : चहा झाला, दूध तापविले, बटण फिरविले. फिरविले की फिरविले असे वाटते? कर्जतला गाडी थांबली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरच काय, सारी इमारत पेटलेली होती, आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांना खाली कोण आणील, येथपर्यंत मजल गेली होती. शेवटी तिने शेजारणीला फोन केला. शेजारीण बिचारी किल्ली घेऊन गेली, पाहून आली आणि म्हणाली, "काकू, बंद आहे हो सगळं. निर्धास्त जा." बाईला हायसे वाटले. घाटातले धबधबे तिला दिसू लागले. आणि लोणावळा आले तोच मन म्हणाले, 'तिने बटण हाताने फिरवून पाहिले असेल, की दारातूनच नजर टाकली असेल?'

आपल्यापैकी पुष्कळांना हे ऐकून हसू येईल, आणि त्या हसण्यात थोडी ओळखही असेल. परंतु ज्याच्या वाट्याला हे दिवसातून वीस वेळा येते, त्याला ते हसण्याजोगे राहात नाही. त्याचे कामात लक्ष लागत नाही, जेवण गोड लागत नाही. आणि याहून वाईट म्हणजे, आपण इतके शिकलेसवरलेले असून एवढ्याशा गोष्टीला आवर घालू शकत नाही, याची लाज त्याला आतून कुरतडीत राहते.

ही लाज अनाठायी आहे. ही खोडी काही आजच्या धकाधकीने निर्माण केलेली नाही, आणि दुबळ्या मनाच्या माणसांनाच ती जडते असेही नाही. सतराव्या शतकात इंग्लंडातील एल्स्टो या खेड्यात जॉन बन्यन नावाचा एक भांडी सांधणारा कारागीर राहात होता. पुढे त्याने 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हा ग्रंथ लिहिला आणि तो जगभर वाचला गेला; १८४१ साली हरि केशवजी यांनी तो मराठीतही आणला. याच बन्यनने तुरुंगात असताना आपले आत्मवृत्त लिहिले. ते १६६६ साली प्रसिद्ध झाले. त्यात तो सांगतो, की तरुणपणी त्याला देवळाच्या मनोऱ्यातील घंटा वाजविण्याचा मोठा नाद होता. ते करणे पाप आहे असे वाटून त्याने घंटा वाजविणे सोडले. परंतु दुसरे वाजवीत असताना पाहावयास मात्र तो जाई. एके दिवशी मनात आले, घंटा निसटून अंगावर पडली तर? म्हणून तो एका भक्कम तुळईखाली उभा राहू लागला. मग वाटले, घंटा भिंतीवर आदळून तेथून उसळी घेईल, तर तुळईचा काय उपयोग? म्हणून तो दारात उभा राहू लागला. तेथे वाटले, येथून मला चटकन बाहेर निसटता येईल. पण पुढे मनात आले, सारा मनोराच कोसळला तर? शेवटी त्याला तेथे उभे राहणेच अशक्य झाले, आणि तो पळून गेला. जेथे बन्यनची तुळई तेथे आमच्या बाईंची शेजारीण. साडेतीनशे वर्षांत मनाच्या युक्तीत काही फरक पडलेला नाही.

या हकिगतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बन्यनने प्रत्येक भीतीवर तोडगा काढला, आणि प्रत्येक तोडगा चांगला होता. तरीही भीती वाढतच गेली. हे असे का व्हावे?

अशा विचारावर माणसाला स्वभावतः दोन उपाय सुचतात. एक, त्याला हाकलून देणे. दुसरा, त्याला उत्तर देऊन गप्प करणे. पहिल्या उपायाची परीक्षा अमेरिकेतील डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह केली, आणि ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्याचा निश्चय करून पाहा, म्हणजे ते मेले प्रत्येक क्षणी आठवेल, अशा अर्थाचे काहीसे रशियन कादंबरीकार डोस्टोव्हस्की याने १८६३ साली आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले होते. वेग्नरने ते खरोखरच करून पाहिले. विद्यार्थ्यांना त्याने सांगितले, की पाच मिनिटे मनात येईल ते बोलत राहा, परंतु पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच, तर समोरची घंटी वाजवा. घंटी सरासरीने मिनिटाला एकदाहून अधिक वाजली. विशेष हे, की नंतर 'आता खुशाल अस्वलाचा विचार करा' असे सांगितल्यावर, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या मनाई केलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात ते अस्वल अधिक वेळा आले. याचे कारण दुर्बोध नाही. चोर आला की नाही हे पाहण्यासाठी दारावर पहारेकरी बसविला, तर त्या पहारेकऱ्याला अहोरात्र चोराचेच ध्यान करावे लागते. 'हा विचार आला नाही ना?' असे तपासणे, हाच त्या विचाराला निमंत्रण देण्याचा एक प्रकार होय.

दुसरा उपाय उत्तर देण्याचा. हा अधिक शहाणपणाचा वाटतो, आणि म्हणूनच अधिक फसवितो. बटण पुन्हा पाहिले, शेजारणीला विचारले, हात पुन्हा धुतले, मागचे संभाषण पुन्हा आठवून त्यात आपण कोणाला दुखविले नाही ना याची खात्री करून घेतली, की तत्क्षणी जीव थंड होतो. त्या थंडाव्यातच खरा अपाय आहे. ज्या कृतीनंतर सुटका वाटते ती कृती मन शिकून ठेवते, आणि तिच्याबरोबर एक खोटा धडाही शिकते : 'पाहिले म्हणून वाचलो, न पाहता तर अनर्थ झाला असता.' पुढच्या वेळी शंका लवकर येते, आणि तिचे समाधान व्हावयास पूर्वीपेक्षा अधिक खात्री लागते. शिवाय, मन येथे जी खात्री मागते ती शंभरापैकी शंभर असते. आणि मनुष्याच्या व्यवहारात तशी खात्री कोणत्याच गोष्टीची मिळत नाही. आपण रोज जेवतो, रस्ता ओलांडतो, मुलांना शाळेत धाडतो, ते नव्याण्णवांवर भागवून. ज्या एका विषयावर मन अडून बसते, तेवढ्यापुरता मात्र आपण तो शंभरावा हिस्सा मागू लागतो, आणि रहाट सुरू होतो.

आता याच खोडीचा एक असा प्रकार सांगावयाचा आहे, की ज्याविषयी घरात सहसा बोलले जात नाही. मनात आपोआप येणारे विचार नेहमीच गॅसच्या बटणाइतके निरुपद्रवी नसतात. नुकतीच बाळंत झालेली आई कांदा चिरीत असते, आणि वीज चमकावी तसे मनात येते, 'ही सुरी बाळाला लागली तर? मीच मारली तर?' एखादा पापभीरू गृहस्थ देवापुढे हात जोडून उभा असतो, आणि नेमके तेव्हाच अभद्र शब्द मनात उमटतात. गच्चीच्या कठड्याशी उभ्या असलेल्या शांत माणसाला वाटून जाते, 'उडी मारली तर?' ज्याला असा विचार येतो तो हादरतो. आपण आतून राक्षस आहो काय, असे त्याला वाटू लागते. ती आई सुऱ्या लपवून ठेवते, बाळाला एकटी घेत नाही, आणि याचे कारण नवऱ्यालाही सांगत नाही; कारण सांगितले तर लोक बाळ आपल्यापासून नेतील, ही धास्ती.

या आईला दोन गोष्टी ठाऊक असावयास हव्यात. १९७८ साली लंडनमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डि सिल्व्हा या दोघांनी निरोगी, सर्वसामान्य माणसांना विचारून पाहिले, की असे नकोसे विचार तुम्हांला येतात काय. शंभरात सुमारे ऐंशी जणांनी होय म्हणून सांगितले; आणि त्यांच्या विचारांचा विषय रुग्णांच्या विचारांहून फारसा निराळा नव्हता. निराळे होते ते एवढेच, की सर्वसामान्य माणसाच्या मनातून तो विचार निघून जातो, आणि रुग्ण त्याला धरून त्याचा अर्थ शोधीत बसतो. पुढे २००८ साली कॅनडातील व्हँकूव्हर शहरात नव्वदावर नवमातांना असेच विचारले गेले. बाळाला अपघात होईल अशी कल्पना तर सर्वांच्याच मनात येऊन गेली होती, आणि आपल्याच हातून मुद्दाम इजा होण्याचा नकोसा विचार जवळजवळ निम्म्या जणींना आला होता. तेव्हा असा विचार येणे हा काही स्वभावाचा पुरावा नव्हे. उलट, जी गोष्ट माणसाला अत्यंत प्रिय असते तिच्याभोवतीच मन पहारा करते, आणि म्हणून भीतीही तेथेच उगवते. देवाविषयीचे अभद्र शब्द भाविकालाच छळतात; नास्तिकाला त्यांचे काय?

येथे एक सावधगिरीची सूचना दिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. वर सांगितलेल्या आईला तो विचार किळसवाणा वाटतो, तिला तो नको असतो. परंतु बाळंतिणीला नसलेले आवाज ऐकू येत असतील, ती भ्रमल्यासारखी बोलत असेल, बाळाविषयी काही विपरीत गोष्ट तिला खरीच वाटू लागली असेल, रात्रीमागून रात्री तिला झोपेची गरजच भासत नसेल, तर तो आजार अगदी निराळा आहे. तेथे एक दिवसही न दवडता तिला डॉक्टरांकडे नेले पाहिजे, आणि तोपर्यंत तिला व बाळाला एकटे ठेवता कामा नये. तसेच, स्वतःचा जीव नकोसा होऊन मरणाचे विचार येत असतील, तर तेही कोणापाशी तरी त्याच दिवशी बोलले पाहिजे.

मग नेहमीच्या घोळण्यावर उपाय काय? हाकलावयाचे नाही आणि उत्तरही द्यावयाचे नाही, तर उरते काय? उरते ते हे, की प्रश्नाला अनुत्तरित राहू द्यावयाचे, आणि आपण आपल्या कामाला लागावयाचे. ऐकावयास हे फार साधे आहे. करावयास प्रारंभी फार जड जाते. म्हणून त्याच्या पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी ओळखण्याची. विचार आला, की त्याच्या मजकुराकडे न पाहता त्याच्या जातीकडे पाहावे, आणि मनाशी म्हणावे, 'हा गॅसवाला आला' किंवा 'ही कालच्या बोलण्याची उजळणी सुरू झाली.' रोज दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला आपण आवाजावरून ओळखतो. तो ओरडतो म्हणून त्याच्याशी भांडावयास जात नाही, आणि त्याचा माल घेण्यासाठी प्रत्येक वेळी दारही उघडीत नाही. तो ओरडतो आणि पुढच्या आळीला जातो.

दुसरी पायरी न उत्तर देण्याची. मन विचारील, 'बंद केला नसेल तर?' त्यावर 'नक्की केला आहे' असे म्हणू नये. कारण त्या 'नक्की'लाच ते हरकत घेते आणि वाद वाढतो. 'केला असेल, नसेलही. आता मी याचा निकाल लावणार नाही,' एवढेच म्हणावे. निघताना एकदा पाहावयाचे ते नीट पाहावे. दुसऱ्यांदा पाहावयाचे नाही. असे केल्यावर छातीत धडधड होईल. ती होऊ द्यावी. पहिल्या दिवशी ती पुष्कळ वेळ टिकेल. परंतु कोणतेही समाधान न करता तीही हळूहळू आपोआप ओसरते, हा अनुभव शरीराने स्वतः घेतला पाहिजे. दुसऱ्याने सांगून तो येत नाही. काही दिवस हे केल्यावर मनाचा खोटा धडा पुसला जाऊ लागतो : पाहिले नाही, तरीही वाचलो.

तिसरी पायरी श्वासाची. मन भ्यालेले असताना श्वास उथळ आणि जलद होतो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना ती मंदावते, ही शरीराची सहज रचना आहे. म्हणून उच्छ्वास लांबविला, मिनिटाला सहा-सात श्वासांइतकी गती संथ केली, की शरीर निवळू लागते. प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजून पाहण्याचे काम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून हाती घेतले होते. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मात्र विचाराला हाकलण्याचे हत्यार म्हणून श्वासाचा उपयोग करू नये. नाहीतर दर दहाव्या श्वासाला 'गेला काय?' असे विचारणारा पहारेकरी तेथेही येऊन बसतो. श्वास शरीरासाठी आहे. विचार राहो की जावो.

चौथी पायरी वेळ नेमून देण्याची. अमेरिकेतील टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली काळजी करणाऱ्या लोकांना एक युक्ती दिली. काळजी करू नका असे न सांगता, त्यांनी सांगितले, की रोज ठराविक जागी, ठराविक वेळी, अर्धा तास बसून काळजी करा. इतर वेळी ती आली, तर तिला त्या वेळेपर्यंत थांबावयास सांगा आणि समोरच्या गोष्टीकडे वळा. या युक्तीने त्या लोकांची काळजी कमी झाली. समजा, संध्याकाळी सहाची वेळ आणि खिडकीजवळची खुर्ची नेमली. दुपारी आलेल्या विचाराची वहीत एक ओळ लिहून ठेवावी. सहा वाजता वही उघडली म्हणजे पुष्कळदा असे दिसते, की दुपारी जे जीवन-मरणाचे वाटत होते ते आता शिळे झाले आहे. आणि ज्यात खरोखर काही करण्यासारखे आहे, त्याच्यासाठी उद्याचे एक काम लिहिता येते. ही वेळ झोपेच्या तोंडावर आणि ही खुर्ची शय्येच्या जवळ मात्र नसावी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी, हाताला काम देण्याची. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. योगायोग असा, की त्याच्या दोनच आठवडे आधी सुसान नोलेन-होएक्सेमा या विदुषीने तेथील स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना, खिन्न वाटले म्हणजे तुम्ही काय करता, असे लेखी विचारून ठेवले होते. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तिने त्यांची चौकशी केली. आपण असे का आहोत, हे माझ्याच वाट्याला का, असे घोळत बसण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांची खिन्नता इतरांहून अधिक होती. धरणी सर्वांच्याच पायांखाली हादरली होती. फरक पुढच्या दिवसांत पडला. म्हणून विचार डोक्यात असतानाच उठावे आणि ज्यात हात, डोळे व थोडेसे लक्ष गुंतेल असे काही करावे : भाजी निवडावी, कपाट लावावे, मुलाला गणित समजावून द्यावे, झपझप चालून यावे. विचार थांबल्यावर काम करीन, असे म्हणू नये. त्याला बरोबर घेऊन कामाला जावे. वाटेत तो केव्हा मागे पडला हे पुष्कळदा कळतही नाही.

आता घरातील इतर मंडळींना दोन शब्द. प्रेमळ घरात या खोडीला नकळत खतपाणी मिळते. "अहो, दार लावलंत ना?" "लावलं गं." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, पाचव्या वेळी मात्र, "किती वेळा सांगू? वेड लागलंय का तुला?" पहिल्या चार उत्तरांनी रहाटाला बैल जोडला, आणि पाचव्याने माणसाला दुखविले. त्यापेक्षा शांतपणाच्या वेळी दोघांनी मिळून ठरवून ठेवावे, की असा प्रश्न आला तर काय म्हणावयाचे. "अगं, हा तोच प्रश्न आलाय. त्याला मी उत्तर देणार नाही. पण मी इथंच आहे. चल, गच्चीत दोन फेऱ्या मारू." यात उत्तराला नकार आहे, माणसाला नाही. हे एकदम सारे बंद करावयाचे नसते. ज्याचे मन अडले आहे त्याच्या संमतीने, थोडेथोडे कमी करीत न्यावयाचे असते.

काही जणांत ही खोडी आजाराच्या पायरीला पोहोचते. दिवसाचे तासन्‌तास त्यात जाऊ लागले, हात धुऊन धुऊन कातडी फाटू लागली, नोकरी वा अभ्यास बुडू लागला, की घरगुती उपायांवर विसंबू नये. शंभर माणसांत सुमारे दोघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो. एके काळी तो असाध्यप्राय मानला जाई. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. ज्या गोष्टीची रुग्णाला भीती वाटे तिच्यासमोर त्याला आणावयाचे, आणि नंतरचे धुणे किंवा इतर सोपस्कार मात्र करू द्यावयाचे नाहीत, अशी ती पद्धत होती. परिचारिका तासन्‌तास रुग्णाजवळ बसून त्याला धीर देत. त्या पद्धतीचेच सुधारलेले रूप आज या आजारावरील प्रमुख उपचारांपैकी एक आहे, आणि काही औषधांचाही चांगला उपयोग होतो. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात यत्किंचितही कमीपणा नाही. ज्याला लगेच तेथवर जाणे शक्य नसेल, त्याच्यासाठी भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला असता मराठीतही बोलता येते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

शेवटी एक गोष्ट. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो, की मनाला आवरणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधण्यासारखे आहे. श्रीकृष्ण ती तक्रार खोडून काढीत नाहीत. मन चंचल आहे हे ते मान्यच करतात, आणि मग अभ्यास व वैराग्य अशा दोन गोष्टी सांगतात. मोठ्या अर्थाने त्यांचे विवरण करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्या छोट्या विषयापुरते पाहिले, तर वैराग्य म्हणजे त्या शंभराव्या हिश्श्याच्या खात्रीचा लोभ सोडणे, आणि अभ्यास म्हणजे तो आज सोडणे व उद्या पुन्हा सोडणे. एखादा आठवडा बरा जाईल, आणि मग एखाद्या जागरणानंतर किंवा घरातल्या आजारपणात रहाट पुन्हा करकरू लागेल. तेवढ्याने मागचे श्रम वाया गेले असे समजू नये. मनाचा तोल म्हणजे कधीच न हलणारा काटा नव्हे. तराजूत काही पडले की काटा हलणारच, आणि आपण पारडे हाताने दाबून धरले नाही, तर तो पुन्हा आपल्या जागी येतो.

तेव्हा आज रात्री दिवा मालवल्यावर नेहमीचा प्रश्न आला, तर त्याला येऊ द्या. त्याला ओळखा, उत्तर देऊ नका, आणि कूस बदलून झोपेची वाट पाहा. ती यावयास थोडा वेळ लागेल. पण तिला रोज यावयाची सवय आहे.